तिऱ्हाइताची सही

मी आयुष्यात एकदाच पंच झालो. तालुक्याच्या न्यायालयाच्या आवाराबाहेर माझे झेरॉक्सचे दुकान होते. वय सव्वीस-सत्तावीस. एका दुपारी समोरच्या ठाण्यातले हवालदार आले आणि म्हणाले, "दोन मिनिटं चला, पंच म्हणून सही पाहिजे." रोजची ओळख, त्यामुळे नाही म्हणायचे सुचलेही नाही. ठाण्यातल्या टेबलावर पंचनामा लिहून तयार होता. भिंतीला टेकून माझ्याच वयाचा एक मुलगा उकिडवा बसला होता आणि त्याच्या शेजारी विहिरीवरची पाण्याची मोटर ठेवली होती. पंचनाम्यात असे लिहिले होते की, मजकूर इसमाने आम्हां पंचांसमक्ष स्वखुशीने निवेदन केले, आम्हांस सरकारी वाहनातून ओढ्याकाठी नेले आणि बाभळीच्या झुडपात लपवलेली मोटर काढून दिली. मी ओढ्याकडे गेलोच नव्हतो. सही केली, चहा घेतला आणि दुकानात परत आलो.

अडीच वर्षांनी समन्स आले. साक्षीच्या पिंजऱ्यात शपथ घेतल्यावर मात्र खोटे बोलवेना. सही माझी आहे, पण ती मी ठाण्यात केली, असे सांगितले. सरकारी वकिलांनी मला फितूर जाहीर केले. त्या मुलाविरुद्ध दुसरा पुरावा नव्हता, तो सुटला. तोवर जामीनदार न मिळाल्याने त्याचे साडेचार महिने तुरुंगात गेले होते. बाहेर मोटरीचा मालक, एक वयस्कर शेतकरी, माझ्यापुढे येऊन उभा राहिला. त्याने विचारले, "मग माझी मोटर नेली कुणी?"

मला उत्तर देता आले नाही. मुलगा निर्दोष असेल, तर त्याला आत ठेवण्यात माझी सही होती. तो चोर असेल, तर त्याला सोडण्यातही माझीच सही होती. त्या दिवसापासून, ज्या कागदांच्या मी रोज शेकडो प्रती काढत होतो, ते कागद वाचायला लागलो. मी वकील नाही. कायद्याचे शिक्षण त्या दुकानात आणि पुढे ग्रंथालयांत झाले तेवढेच. पण एक प्रश्न तेव्हापासून सोबत आहे. पोलीस आहेत, वर्दी आहे, शिक्का आहे. मग कायद्याला एका झेरॉक्सवाल्याची सही कशाला हवी असते? या प्रश्नाचा माग काढत गेलो तेव्हा फौजदारी प्रक्रियेचा सगळा इतिहासच उलगडत गेला. तो आपल्या मुलखाशी किती जोडलेला आहे, हे सांगण्यासाठी हा लेख.

कुलूप लावलेले दार

पुण्यातली एक रात्र सगळ्यांना ऐकून माहीत आहे. १७९१चा ऑगस्ट. दक्षिणेसाठी शहरात आलेल्या तेलंगी ब्राह्मणांपैकी काही जणांना घाशीराम कोतवालाच्या माणसांनी पकडून एका कोंदट जागेत कोंडले. दार उघडेपर्यंत वीसहून अधिक जण गुदमरून मेले होते. मानाजी फाकडे यांनी कुलूप तोडवले, म्हणून उरलेले वाचले. शहर पेटले. जमावाच्या मागणीपुढे नाना फडणवीसांनी घाशीरामाला हवाली केले आणि जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले.

ही कथा सांगताना आपण नानाच्या राजकारणात रमतो. विजय तेंडुलकरांचे नाटक १९७२च्या डिसेंबरात रंगमंचावर आले, तेव्हापासून तर जास्तच. मला मात्र त्यातले कुलूप महत्त्वाचे वाटते. कुणाला पकडले, कशासाठी पकडले, किती वाजता पकडले आणि आत किती जण आहेत, हे कोतवालाच्या माणसांखेरीज कुणालाही सांगण्याची गरज नव्हती. दाराबाहेर तिऱ्हाईत म्हणून मानाजी फाकडे आले, तेही योगायोगाने. पुढे घाशीरामाचे जे झाले, त्यालाही आज आपण खटला म्हणतो तसे रूप नव्हते. आरोप ठेवणारे आणि दगड मारणारे तेच होते.

फौजदारी प्रक्रिया म्हणजे काय, याचे सोपे उत्तर मी असे देतो. पकडणारा आणि पकडलेला या दोघांच्या मध्ये तिसरा माणूस उभा करण्याची रीत. दंडसंहिता गुन्हा कोणता आणि शिक्षा किती ते सांगते. प्रक्रिया संहिता सांगते की खबर कुणी घ्यायची, झडती कुणासमोर करायची, अटक झालेल्याला किती तासांत कुणापुढे उभे करायचे. तिचे कलमामागून कलम वाचत गेले की प्रत्येक वळणावर एक तिऱ्हाईत भेटतो. कधी पंच, कधी डॉक्टर, कधी नातेवाईक, कधी न्यायदंडाधिकारी. हे तिऱ्हाईत एकदम आले नाहीत. बहुतेक जण कुणाच्या तरी मरणानंतर किंवा विटंबनेनंतर आले आहेत.

कबुलीजबाब आणि १८६१

आपल्याकडे गावाच्या वादात पूर्वी महजर होत असे. गोतसभा बसे, साक्षी होत, आणि निवाड्याच्या कागदावर हजर असणाऱ्यांची नावे व निशाण्या पडत. पाटलाची निशाणी नांगराची. महजर या शब्दाचे नातेच हजर असण्याशी आहे. गंमत म्हणजे आपण ज्याला पंचनामा म्हणतो, त्याला दक्षिणेकडच्या राज्यांत पोलीस आजही महजर म्हणतात. या जुन्या रीतीचे फार गोडवे गाण्यात अर्थ नाही. त्यात दिव्ये होती, जातीनुसार शिक्षा बदलत होत्या. पण घडलेल्या गोष्टीला चार जणांचे डोळे असावेत, हा विचार तिच्यात होता.

कंपनी सरकार आले तेव्हा वसुली आणि पोलिसी काम बऱ्याच ठिकाणी एकाच माणसांच्या हाती होते. मद्रास इलाख्यात छळाच्या इतक्या तक्रारी झाल्या की ब्रिटिश संसदेतल्या चर्चेनंतर १८५४मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला. आयोगापुढे सुमारे दोन हजार तक्रारी आल्या. माणसाला वाकवून मान आणि पाय एकत्र बांधून उन्हात ठेवणे, बोटे लाकडी चिमट्यात दाबणे, अशा प्रकारांची त्यात नोंद आहे. १८५५मध्ये अहवाल आला. मुंबई इलाख्यातही याच सुमारास नाशिकला एका संशयिताचा पोलिसांच्या छळाने मृत्यू झाला आणि ते प्रकरण गाजले. सरकारने दोषाचे खापर खालच्या देशी शिपायांवर फोडले आणि वरची व्यवस्था नामानिराळी राहिली, हेही विसरू नये.

तरीही त्यातून एक मोठी गोष्ट झाली. १८६१ची पहिली फौजदारी प्रक्रिया संहिता १ जानेवारी १८६२पासून दंडसंहितेबरोबरच अमलात आली. तिच्यात असा नियम घातला गेला की पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही. १८७२च्या पुरावा कायद्यात तो नियम २५व्या कलमात गेला आणि आजच्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या २३व्या कलमात तो टिकून आहे. १८७२चा कायदा रचणाऱ्या जेम्स फिट्झजेम्स स्टीफनने नंतर नोंदवले आहे की पोलीस छळ करतात ते क्रूरपणापेक्षा आळसाने. पुरावा शोधत उन्हात फिरण्यापेक्षा ठाण्यात बसून कबुली काढणे सोपे जाते. ज्या सरकारने पोलीस नेमले, त्याच सरकारने कायद्यात लिहून ठेवले की बंद खोलीतल्या त्यांच्या शब्दावर आमचा विश्वास नाही.

कबुली द्यायचीच असेल, तर ती न्यायदंडाधिकाऱ्यापुढे. तिथेही न्यायदंडाधिकाऱ्याने आधी सांगायचे की बाबा, कबुली देण्याचे तुझ्यावर बंधन नाही आणि दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल. आरोपीने आयत्या वेळी नकार दिला, तर न्यायदंडाधिकाऱ्याने त्याला पुन्हा पोलीस कोठडीत पाठवायचे नाही. नाही म्हटल्याची शिक्षा रात्री भोगावी लागू नये, म्हणून ही तजवीज.

या भिंतीला एक दार आहे आणि माझी मोटर त्याच दारातून आली होती. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू खरोखर सापडली, तर त्या शोधाशी थेट संबंध असलेला बोलण्याचा तेवढा भाग पुराव्यात घेता येतो. जुन्या कायद्यात हे २७वे कलम होते. 'मोटर मी चोरली' हे चालणार नाही. 'मोटर ओढ्याकाठी झुडपात आहे, चला दाखवतो' हे चालेल. प्रिव्ही कौन्सिलने १९४६मध्ये ही रेषा स्पष्ट आखून दिली. अर्थात, बोलणे खरोखर आरोपीचे आहे आणि वस्तू खरोखर तिथेच सापडली, हे सांगायला पोलिसांखेरीज कुणीतरी लागते. तोच पंच. मूळ इंग्रजी संहितेत पंचनामा हा शब्दही नाही. तिथे एवढेच म्हटले आहे की झडती त्या परिसरातल्या दोन किंवा अधिक स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवाशांसमोर व्हावी. आपल्या मुलखाने त्यांना पंच म्हटले आणि त्यांच्या कागदाला पंचनामा. मी स्वतंत्रही होतो आणि, दुकानापुरता का होईना, प्रतिष्ठितही होतो. फक्त हजर नव्हतो.

महाराष्ट्रापुरते एक सांगितले पाहिजे. १९९९च्या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याने, म्हणजे मोक्काने, पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुराव्यात घेण्याची मुभा दिली. गुन्ह्याचे स्वरूप गंभीर असल्याने अपवाद करावा लागला, असे त्याचे समर्थन केले जाते. पण १८६१च्या भिंतीला हे मोठे भगदाड आहे, हे आपल्याला ठाऊक असावे.

चोवीस तास

अटक झालेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर केले पाहिजे. प्रवासाचा वेळ यात धरत नाहीत. हा नियमही एकोणिसाव्या शतकातल्या संहितांपासूनचा. पण संहितेतला नियम विधिमंडळ केव्हाही बदलू शकते. हा धोका ज्यांनी ओळखला ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

घटना समितीत जीवितस्वातंत्र्याच्या अनुच्छेदातून 'योग्य प्रक्रिया' हे शब्द गळाले आणि कायद्याने घालून दिलेली प्रक्रिया एवढेच राहिले. संसद म्हणेल ती प्रक्रिया, असा त्याचा अर्थ होत असल्याने अनेक सदस्य नाराज होते. १५ सप्टेंबर १९४९ रोजी आंबेडकरांनी एक नवा अनुच्छेद मांडला. अटकेची कारणे सांगणे, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ देणे आणि चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नेणे या गोष्टी त्यात होत्या. त्यांनी मोकळेपणाने मान्य केले की यातले बरेचसे प्रक्रिया संहितेत आधीच आहे. फरक इतकाच की ते संविधानात गेल्यावर कोणत्याही विधिमंडळाला सहज काढून टाकता येणार नाही. आधी जे गमावले, त्याची ही काही अंशी भरपाई आहे, अशी त्यांची भूमिका होती. तोच आजचा अनुच्छेद २२. त्याच अनुच्छेदात प्रतिबंधक स्थानबद्धतेचा अपवादही आहे. तिथे हे संरक्षण लागू होत नाही.

चोवीस तासांनंतर काय? तपास पुरा झाला नसेल, तर पोलीस रिमांड मागतात. वर्तमानपत्रात आपण वाचतो की आरोपीला पाच दिवसांची पोलीस कोठडी मिळाली. पोलीस कोठडी म्हणजे आरोपी ठाण्यात, तपास अधिकाऱ्याच्या ताब्यात. न्यायालयीन कोठडी म्हणजे तुरुंगात, न्यायालयाच्या हुकमाखाली. पोलीस कोठडी एकूण पंधरा दिवसांहून जास्त देता येत नाही. पूर्वी हे पंधरा दिवस पहिल्या पंधरवड्यातच संपत. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार ते गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यातुकड्यांनी घेता येतात. तुरुंगात गेलेला माणूस पुन्हा ठाण्यात आणता येतो, हा बदल लहान नाही.

तपासालाही मुदत आहे. साठ दिवसांत, आणि मृत्युदंड, जन्मठेप किंवा किमान दहा वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत नव्वद दिवसांत, दोषारोपपत्र आले नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. १८९८च्या संहितेत हे नव्हते. अर्धवट कागद दाखल करून तारखांवर तारखा घेण्याची वाट त्या काळी मोकळी होती. १९७३च्या संहितेने आणि १९७८च्या दुरुस्तीने ती अडवली. पण हक्क मिळाला तरी जामीनदार लागतोच. त्या मुलाच्या बाबतीत साठ दिवस कधीच उलटून गेले होते. त्याच्यासाठी सातबारा घेऊन उभे राहणारे कुणी नव्हते, एवढेच.

टिळक आणि जामीन

जामीन म्हणजे सुटका, अशी एक समजूत असते. जामीन म्हणजे खटला संपेपर्यंत बोलावले की येण्याची हमी. दोष सिद्ध होण्याआधी शिक्षा सुरू होऊ नये, हा त्याचा हेतू. लोकमान्य टिळकांच्या दोन खटल्यांत हा फरक ठळक दिसतो.

२७ जुलै १८९७ रोजी त्यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. आधीचे अर्ज फेटाळले गेल्यावर ४ ऑगस्टला न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी जामीन दिला. आरोपीला बचावाची तयारी करता आली पाहिजे आणि तो उद्या निर्दोष ठरला तर आधीच भोगलेला तुरुंगवास हा अन्याय होईल, हा त्यामागचा विचार. त्या वेळी टिळकांच्या बाजूने जामिनासाठी बाजू मांडणाऱ्या बॅरिस्टरांत दिनशा दावर होते. १९०८मध्ये टिळकांना पुन्हा अटक झाली, तेव्हा तेच दावर न्यायासनावर होते. बॅरिस्टर जिनांनी जामीन मागितला आणि दावरांनी तो नाकारला. टिळकांना खटल्यात स्वतःची बाजू स्वतः मांडायची होती. तयारी त्यांना कोठडीतूनच करावी लागली.

या खटल्यांतला आणखी एक तिऱ्हाईत म्हणजे ज्यूरी. १९०८च्या नऊ ज्यूरींपैकी सात युरोपीय आणि दोन पारशी होते. खटला 'केसरी'तल्या मराठी लेखांवर होता आणि त्यातले बहुसंख्य मराठी न जाणणारे. निकाल सात विरुद्ध दोन असा लागला आणि सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. तिऱ्हाईत होते, पण निःपक्ष होते असे म्हणवत नाही. अर्ध्या शतकाने नानावटी खटल्यात उलटे झाले. वृत्तपत्रांनी आरोपीला नायक ठरवले, ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष म्हटले, सत्र न्यायाधीशांनी तो निर्णय न पटल्याने प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले आणि तिथे शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने ती नोव्हेंबर १९६१मध्ये कायम केली. १९७३च्या संहितेत ज्यूरीला जागा उरली नाही.

देसाईगंज, मार्च १९७२

तेंडुलकरांचा घाशीराम पुण्यात रंगमंचावर येण्याच्या नऊ महिने आधी, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एक घटना घडली. मजुरी करणारी एक अल्पवयीन आदिवासी मुलगी एका तक्रारीच्या जबाबासाठी रात्री ठाण्यात आणली गेली होती. जबाब झाल्यावर सोबतच्या नातलगांना बाहेर जायला सांगितले आणि तिला थांबवले. दार लागले. बाहेर तिची माणसे उभी होती. आत दोन पोलिसांनी तिच्यावर अत्याचार केल्याचा आरोप होता.

सत्र न्यायालयाने १९७४मध्ये पोलिसांना सोडले. नागपूर खंडपीठाने १९७६मध्ये दोषी धरले. सर्वोच्च न्यायालयाने १९७८मध्ये पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, म्हणजे संमती असावी, असा त्या निकालाचा सूर होता. १९७९मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. रात्री ठाण्यात एकट्या थांबवलेल्या गरीब मुलीच्या गप्प राहण्याला संमती कसे म्हणता, हा त्यांचा प्रश्न होता. देशभर महिला संघटना रस्त्यावर आल्या. १९८३मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारासाठी वेगळी, जास्त कडक तरतूद झाली आणि अशा प्रकरणात स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने तसे गृहीत धरावे असा नियम आला. तिचे नाव अनेकांना माहीत आहे. ते मी लिहीत नाही, कारण अशा पीडितेचे नाव छापू नये हा नियमही त्याच दुरुस्तीने आला.

त्यानंतर तिऱ्हाईत एकेक करून ठाण्याच्या दारात उभे राहिले. १९८२मध्ये पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगात पंधरा स्त्री कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. त्यावर १९८३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिले. स्त्रियांसाठी वेगळी कोठडी, पहाऱ्याला स्त्री शिपाई, आणि न्यायदंडाधिकाऱ्याने प्रत्येक आरोपीला विचारायचे की पोलिसांबद्दल काही तक्रार आहे का. पश्चिम बंगालमधल्या डी. के. बसू यांनी १९८६मध्ये कोठडीतल्या मृत्यूंबद्दल लिहिलेल्या पत्रावर १९९६मध्ये निकाल आला. अटकेच्या वेळीच अटकनामा करायचा, त्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्ष म्हणून सही घ्यायची, अटकेची वेळ लिहायची, एका नातेवाइकाला किंवा मित्राला कळवायचे आणि कोठडीत दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी करायची. २००५च्या दुरुस्तीने सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करायला मनाई केली. अपवाद करायचा तर स्त्री अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्याची आधी परवानगी लागते. त्याच दुरुस्तीने कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याने करणे आवश्यक ठरवले.

हे नियम कागदावर आल्याने कोठडीतले मृत्यू थांबले असे नाही. पण १७९१च्या त्या दाराबाहेर यातला एकही माणूस उभा नव्हता.

सामान्य माणसाने लक्षात ठेवायचे ते

दुकानात येणारे लोक मला नेहमी काही ठरावीक गोष्टी विचारत. त्यांची उत्तरे इथे देतो.

दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवायला ठाणे नकार देऊ शकत नाही. तसे सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये स्पष्ट सांगितले आहे. गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतला आहे, ही सबब आता चालत नाही. शून्य क्रमांकाने खबर घेऊन ती योग्य ठाण्याकडे पाठवायची असते. खबर वाचून दाखवल्यावरच सही करावी आणि प्रत मागून घ्यावी. ती फुकट मिळते. ऑनलाइन दिली असेल, तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. ठाण्याने घेतलीच नाही, तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येते आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाता येते.

साक्षीदार म्हणून जबाब घेतला, तर त्यावर सही करायची नसते. पोलिसांपुढच्या जबाबावर सही घेऊच नये, असे कायदा सांगतो. खरी साक्ष न्यायालयात, शपथेवर, उलटतपासाला तोंड देऊन. स्त्रीला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनी तिच्या घरी जायचे असते. पंधरा वर्षांखालील मुलगा आणि साठीपुढचा माणूस यांनाही हेच लागू आहे.

पंच म्हणून लेखी आदेश देऊन बोलावले आणि सबळ कारण नसताना नकार दिला, तर तो गुन्हा ठरतो. तेव्हा जावे. पण जे पाहिले तेवढ्यालाच सही करावी. जागेवर जावे, वस्तू कुठून निघाली ते पाहावे, सील आपल्यासमोर लागले का ते बघावे, कागद वाचावा आणि वेळ बरोबर लिहिली आहे का ते तपासावे.

नव्या संहितेने झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण आवश्यक केले आहे. पंचांच्या सह्या होतानाचेही चित्रण करायचे आणि ते विनाविलंब न्यायदंडाधिकाऱ्याकडे पाठवायचे. सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी जागेला भेट द्यायची आहे. मोबाईलच्या रूपाने एक नवा तिऱ्हाईत आला, असे म्हणता येईल. मला त्याचा आनंद आहे. पण कॅमेरा कुणाच्या हातात आहे आणि तो केव्हा सुरू झाला, हा प्रश्न उरतोच. झुडपात मोटर कुणी ठेवली, हे कॅमेरा सांगत नाही. तो सुरू होण्याआधी तिथे कोण होते, हे सांगायला माणूसच लागतो.

शेवटचा कागद

दुकान मी काही वर्षांपूर्वी बंद केले. सामान आवरताना त्या खटल्यातल्या माझ्या साक्षीची एक प्रत सापडली. दीड पान. सरतपासात माझी सही मी ओळखली आहे. उलटतपासात एक वाक्य आहे: पंचनामा माझ्यासमोर झाला नाही हे म्हणणे खरे आहे. खाली न्यायाधीशांची सही आणि तारीख.

त्या मुलाला मी नंतर एकदाच पाहिले, एस. टी. स्टँडवर. त्याने मला ओळखले की नाही, ठाऊक नाही. शेतकरी मात्र पुढेही दुकानात येत असे, सातबाऱ्याच्या प्रती काढायला. मोटरीचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. मीच एकदा म्हणालो, "काका, त्या दिवशी मी ओढ्यावर गेलो असतो तर कळलं असतं."

ते म्हणाले, "गेला असता तर बरं झालं असतं." आणि सुटे पैसे मोजून निघून गेले.